कडूचा रस्ता

उर्कियाआपाच्या सासऱ्याचं नाव होतं तूझबाय, आणि आमच्या भाषेत तूझ म्हणजे मीठ. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, त्या नावातला तुकडासुद्धा नाही, अशी आमच्या मांगिस्ताऊकडची रीत. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून बावन्न वर्षं आपा मिठाला ‘कडू’ म्हणत आली. थोरल्या दिराच्या नावात मंगळवार होता, म्हणून तिच्या आठवड्यात सोमवारनंतर ‘त्याच्या पुढचा दिवस’ यायचा. सासरा जाऊन तीस वर्षं झाली, मागोमाग दीरही गेला. आपाच्या जिभेला मात्र कुणी सुट्टी दिली नाही.

सून मारझान पूर्वेकडची, सेमेय शहरातली. तिला या सगळ्याचं हसू यायचं. तरी अकरा वर्षांत आपानं ‘कडू दे गं’ म्हटलं की तिचा हात आपसूक मिठाच्या डब्याकडे जायला शिकला होता.

आज ती आपाला गावाहून अक्ताऊ शहरातल्या दवाखान्यात घेऊन चालली होती. आपाचा उजवा डोळा गेलाच होता. डाव्यानं बोरूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसे, तेही भर उन्हात. उद्या सकाळी शस्त्रक्रिया. आहे ती नजर टिकावी एवढ्यासाठीच, आणि टिकेलच असं डॉक्टरांनी काही लिहून दिलं नव्हतं. चारपर्यंत दाखल व्हायचं होतं. मारझानचा नवरा सागिनदिक तेलाच्या विहिरींवर पाळीत अडकलेला. त्यानं फोनवर चार-चारदा बजावलं होतं, “फाट्यावरून डावीकडची कच्ची वाट घे. कडव्या विहिरीवरून जाते. दीड तास वाचेल. आणि आईच्या नादी लागून कुठे भटकू नकोस.”

फाटा आला तेव्हा दहा वाजले होते. मारझाननं निवा गाडीचा वेग कमी केला. आपा सकाळपासून मांडीवरच्या, तळलेल्या कणकेच्या बाउर्साकांच्या पिशवीशी चाळा करत होती. तिला काहीतरी मागायचं होतं आणि ते मागवत नव्हतं, हे मारझानला कळत होतं. आता ही कुठल्यातरी भाचीकडे चहाला थांबू म्हणणार, या धास्तीनं ती गप्प होती.

“पोरी,” आपा शेवटी म्हणाली, “कडूवरून घेशील गाडी?”

मारझानचा जीव भांड्यात पडला. “तिकडूनच तर घेणार होते!”

“खरंच? अगं, पण उशीर होईल ना?”

“उशीर कसला आपा, उलट लवकर पोचू.”

आपानं तिच्याकडे तोंड केलं. नळीतून दिसली तेवढी सून बघितली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. “जीव ओवाळून टाकते गं तुझ्यावरून. सागिनदिकला म्हटलं असतं तर बोलला असता मला.”

एवढ्यातेवढ्यावरून ही माझ्यावर जीव का ओवाळतेय, हे मारझानला समजलं नाही. पण कौतुक कुणाला नको असतं? तिनं गाडी डावीकडे वळवली.

वाट कसली, नुसता धक्क्यांचा बाजार होता. दोन तास हाडं खिळखिळी झाली. आपानं मात्र एकदाही ‘आई गं’ केलं नाही. ती पुढे वाकून काचेला जवळजवळ नाक लावून बसली होती, आणि मधूनमधून विचारायची, “आलं का?”

कडव्या विहिरीशी मारझान थांबली. जनावरांना पाणी पाजायचं एक सिमेंटचं डोण, त्याभोवती लेंड्या, दोन मरतुकड्या उंटिणी, आणि चहूकडे चहाच्या भुकटीच्या रंगाची माती.

“आलं, आपा. पाय मोकळे करा.”

आपा उतरली. डोईचा पांढरा रुमाल नीट केला, सणाला करतात तसा. मग उंटिणींकडे पाठ करून दूरवर बघत राहिली. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली. एकदा डोळा चोळला. मारझाननं थर्मासमधून चहा ओतला तोवर आपा अगदी स्थिर झाली होती.

“छान आहे,” ती म्हणाली. “तसंच आहे अगदी. पांढरंशुभ्र.”

मारझाननं वळून चहूकडे बघितलं. पांढरं? इथे पांढरा म्हणून आपाचा रुमाल सोडला तर काही नव्हतं.

आपा गाडीत जाऊन बसली. रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं. “आता परत गावी ने मला. दवाखाना नको.”

“असं काय करता? उद्या शस्त्रक्रिया आहे!”

“कशाची करणार? तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं पांढरं. मला काही दिसलं नाही, पोरी. नुसता मातकट अंधार. तिथलं पांढरं जिला दिसत नाही तिच्या डोळ्यात काही उरलेलं नाही. म्हाताऱ्या बाईला उगाच कापू नका.”

“पण आपा, काय दिसायला हवं होतं?”

“कडूचं मैदान, दुसरं काय? नवरी म्हणून ट्रकच्या मागे बसवून आणलं मला. तोंडावर शाल. माहेरची आठवण येऊन सारखी रडत होते. तुझ्या सासऱ्यानं सगळ्यांची नजर चुकवून शालीचं टोक उचललं आणि म्हणाला, रडतेस काय, बघ तरी कुठे आलीस ते. खाली सगळं पांढरं मैदान, वर पांढरे कडे. इतकं पांढरं मी जन्मात बघितलं नव्हतं. रडायचंच विसरले. डोळा जायच्या आधी एकदा बघायचं होतं, बस. लहानपणी तुझ्या नवऱ्यालाही दाखवलंय.”

मारझान बघतच राहिली. पांढरं मैदान. कडू. ‘कडू दे गं.’ तिचा हात हवेतल्या हवेत मिठाच्या डब्याकडे गेल्यासारखा झाला.

“अगं बाई! आपा, तुम्हाला तूझबाइरचं मिठाचं मैदान म्हणायचंय?”

“नाव काय घेतेस!” आपानं दचकून इकडेतिकडे पाहिलं, जणू सासरा डोणापाशी उभा होता. “तुझा आजेसासरा तो!”

“आजेसासरे मला माफ करतील. आपा, ही कडवी विहीर आहे! कडवी म्हणजे खरंच कडवी, पाणी कडू आहे हिचं! इथे पांढरं काही नाहीच. सगळी मातीच आहे. तुम्हाला मातकट दिसलं ना? मलाही मातकटच दिसतंय!”

आपानं तोंडावरचा रुमाल हळूच खाली केला. “खोटं नाही ना बोलत? मला दवाखान्यात न्यायला?”

मारझाननं शपथ घेतली असती, तरी आपानं सुनेची माया म्हणून ती सोडून दिली असती. तिनं घड्याळ बघितलं. तूझबाइर फाट्याच्या पार उलट्या अंगाला. तिकडे गेलं तर चार वाजता दवाखाना शक्यच नाही. फोनला रेंज नाही, नवऱ्याला विचारायची सोय नाही. तिनं गाडी आल्या वाटेला फिरवली.

फाट्याजवळ रेंज आली तसा तिनं सागिनदिकला फोन लावला. आधी तो ओरडला. मग तिनं कडूची हकिगत सांगितली तेव्हा त्यानं फोन ठेवला, दवाखान्यात विचारलं आणि थोड्या वेळानं परत फोन केला. रात्री आठपर्यंत दाखल करून घेतील म्हणाले, पण आईला आता काही खायला घालू नकोस. आपानं तोंडातला बाउर्साक निमूटपणे हातात काढून घेतला.

साडेतीन वाजत आले होते. चढाच्या टोकावर मारझाननं गाडी थांबवली. खाली मीठ आणि वर कडे, ऊन असं आदळत होतं की तिचेच डोळे दिपले. आपाला हाताला धरून तिनं कडेपर्यंत नेलं. आता जर ही ‘छान आहे’ म्हणाली तर सगळं संपलं, एवढंच तिच्या मनात होतं.

आपानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

“कुठल्या गाढवानं गाडी घातली गं त्या कडूवर?” ती तडकून म्हणाली. “ते बघ, चाकांचे पट्टे! मधोमध, पार त्या कड्यापर्यंत! यांना काही लाजलज्जा?”

मारझाननं बघितलं. तिला काही दिसेना. तिनं कपाळावर हात आडवा धरला, डोळे बारीक केले, आणि तेव्हा कुठे त्या एवढ्या पांढऱ्यात तिला दोन बारीक रेघा सापडल्या.