पोरगी शहाणी नाही, एवढंच म्हणा

"आज पोरीचं कौतुक करायचं नाही," वकीलबाईंनी दादाला पुन्हा बजावलं. "कुणी विचारलं तरी नाही. आणि नाही विचारलं तर मुळीच नाही."

माझ्या भावाला असं सांगणं म्हणजे उतारावरच्या पाण्याला थांब म्हणणं. दादा कुलपांचा कारागीर. हरवलेली किल्ली करून देताना गिऱ्हाइकाच्या पदरात लेकीची चार कौतुकं फुकट टाकल्याशिवाय त्याचं काम पुरं होत नाही. ठिणगी दात पडायच्या वयात कुलपं खोलायला शिकली, ठिणगीच्या बोटांना डोळे आहेत, वगैरे. लेकही बापावर गेलेली. तिला चोर म्हणा, भांडेल. वेंधळी म्हणा, आठवडाभर जेवणार नाही.

आणि त्या दिवशी मुलांच्या कोर्टात नेमका हिशेब उलटा होता. सोळा वर्षं उलटलेलं पोर, वर गुन्हा मोठा, अशा वेळी कोर्ट आधी एकच गोष्ट बघतं: आपण काय करतोय हे त्या पोराला मोठ्या माणसासारखं कळत होतं का? कळत होतं असं ठरलं, तर खटला मोठ्यांच्या कोर्टात, शिक्षा मोठ्यांची, आणि डाग जन्माचा. नव्हतं कळत असं ठरलं, तर सगळं इथेच निपटतं आणि पुढे कागदही नष्ट होतात. म्हणजे घरात आजवर जमेला धरलेली ठिणगीची सगळी हुशारी एका सकाळीत खर्ची पडणार होती.

प्रकरण असं. दादा बाहेर कामाला गेला होता, दुकानात ठिणगी एकटी. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. आपण पलीकडच्या घड्याळवाल्याचे मेहुणे, किल्ली हरवलीय, आज सुट्टी म्हणून दुकान बंद आहे, जरा उघडून दे. पोरीने जाऊन शटरचं कुलूप खोललं. मेहुणे आणि त्यांचे दोन सोबती आत गेले आणि धूळ येते म्हणून शटर खाली ओढून घेतलं. ठिणगीने बाहेरून कुलूप लावलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकाने दुकान उघडलं, तर तिघं भरलेल्या थैल्यांना टेकून बसलेले. एकजण म्हणाला म्हणे, "आधी पाणी द्या, मग पोलिसांना बोलवा." पोलिसांना त्यांनी सांगितलं की म्होरकी ही पोरगीच. आम्हाला कोंडून, सोडायच्या बदल्यात सगळा माल एकटीने लांबवणार होती.

तेव्हापासून ठिणगी निरीक्षणगृहात. कुलूप का लावलंस, या प्रश्नाला तिचं सगळ्यांना एकच उत्तर: "लावलं." वकीलबाईंनी समजावलं, वहिनी रडली, मी आत्याच्या नात्याने दटावलं. पोरीने ओठ मिटले ते मिटलेच.

त्या खोलीला कोर्ट म्हणायला जीभ रेटत नव्हती. पिंजरा नाही, उंच खुर्ची नाही. एक लांब टेबल, त्याच्या टोकाला न्यायाधीशबाई, शेजारी बाल न्याय मंडळाचे सदस्य म्हणून एक निवृत्त मास्तर. पोलिससुद्धा साध्या कपड्यांत. ठिणगी आमच्या समोर बसली होती, दोन वेण्या घालून. वेण्यांची कल्पना वहिनीची.

"मुलगी घरी कशी असते?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

दादाने तोंड उघडलं. वहिनीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला असावा, कारण तो "अं" म्हणून थांबला.

"अगदी बावळट, बाई," वहिनी म्हणाली. "दूध गॅसवर ठेवते आणि गच्चीत जाते. मागे एकदा शाळेत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेली."

"आई, पुरे," ठिणगी दातांतून म्हणाली.

"हिला पोस्टात पाठवलं तर ही पत्र हातात घेऊन परत येते."

पोरीचे कान लाल झाले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आहे. तेवढ्यात सरकारी वकिलांनी गोड आवाजात दादाला विचारलं, "ते शटरचं कुलूप तुम्हीच बसवलेलं ना? साधंसुधं होतं का?"

झालं. माणसाला कुठे गुदगुल्या होतात हे त्या गृहस्थाला बरोबर ठाऊक होतं.

"साधं?" दादा खुर्चीत पुढे सरकला. "अहो, भल्याभल्या कारागिरांनी हात टेकले असते त्यापुढे. आणि ठिणगीने एक ओरखडा न उठवता..."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. वहिनीने आता पाय नव्हे, थेट दंडच धरला. पण बाण सुटला होता.

"ऐकलंत," सरकारी वकील म्हणाले. "भल्याभल्यांना जमत नाही ते ही करते. आणि पुढचं बघा. सोबती आत शिरताच कुलूप लावून मोकळी. त्यांना दगा द्यायचा, सोडायच्या बदल्यात सगळा माल आपण घ्यायचा. हे लहान पोराचं डोकं नाही, मुरलेल्या चोराचं आहे."

खोलीत सगळे ठिणगीकडे बघायला लागले. तिला चोर म्हटलं होतं, आणि आता ती भांडणार हे मला कळलं होतं. कशी भांडेल, ते मात्र कळत नव्हतं.

"मी कशाला चोरीन?" ती उभीच राहिली. "चोरी होऊ नये म्हणून तर कुलूप लावलं मी."

"चोर आत होते," न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या.

"ते मला कुठे माहीत होतं? ते मेहुणे होते ना. आत कागद शोधत होते, तासभर लागेल म्हणाले. शटर नुसतं ओढून ठेवलेलं. रस्त्यावरचा कुणीही वर करून आत शिरला असता आणि घड्याळं घेऊन गेला असता. मग नाव कुणाचं झालं असतं? आमच्याच दुकानाचं."

मास्तरांना ठसका लागला. त्यांनी पाण्याचा पेला ओढला, पण प्यायले नाहीत.

"आणि आतली माणसं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"तासाभराने येऊन उघडणार होते मी. शटरवर थाप मारून सांगितलंसुद्धा."

"मग आली का नाहीस?"

पोरीने बापाकडे बघितलं, मग टेबलाकडे. दादा या वेळी श्वाससुद्धा घेत नव्हता.

"आमचा सामना होता," ती अखेर म्हणाली. "शाळेचा. आम्ही जिंकलो."

"बरं. मग?"

"मग विसरले."

"तीन माणसं कोंडून विसरलीस?"

"हो," ठिणगी म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चोरीच्या आळाने नाही रडली कार्टी, विसरण्याच्या लाजेने रडली.

न्यायाधीशबाईंनी ओठ चावला. सरकारी वकिलांनी आपली फाईल हळूच मिटली. आम्हाला बाहेर बसवलं, पण खुर्ची गरम व्हायच्या आत परत बोलावलं. खटला इथेच चालेल. पोरगी आजच घरी जाईल. देखरेख अधिकारी घरी येत राहतील, आणि सज्ञान होईपर्यंत मोठं माणूस सोबत असल्याशिवाय कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही. "आणि तुम्ही," न्यायाधीशबाई दादाला म्हणाल्या, "तिला माणसं ओळखायला शिकवा. कुलपं पुरेत."

बाहेर व्हरांड्यात वहिनीने ठिणगीला असं कवटाळलं की एका वेणीची रिबन माझ्या हातात आली. मी हसत होते, की रडत होते, देव जाणे.

"आता सगळ्यांना कळणार मी विसरले," ठिणगी हुंदक्यातून म्हणाली.

"कुणाला कळणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मुलांच्या खटल्यातलं नाव बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे. छापायचं नाही, गावभर करायचं नाही."

पोरगी डोळे पुसून चक्क हसली. दादाचा चेहरा मात्र पडला.

"म्हणजे," तो म्हणाला, "माझ्या पोरीने तीन चोर एका कुलपात पकडून दिले, आणि ते मी कुणालाच सांगायचं नाही?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"गिऱ्हाइकाला?"

"नाही."

"घड्याळवाल्याला?"

"त्याला माहीतच आहे सगळं."

"मग त्याच्याशी बोलायला काय हरकत आहे," दादा म्हणाला, आणि आम्ही चपला शोधेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा होता.