खुब्यातली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी वाटी आहे. पण माझ्यातून कुणी कधी घास खाल्ला नाही. मी पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत प्लास्टिकची. शाळेत कवायत शिकवणाऱ्या एका बाईंचा खुब्याचा सांधा बदलताना मला तिथे बसवले होते. मुले त्यांना शिट्टीबाई म्हणत. माझ्यात धातूचा गोळा फिरे आणि बाई मैदानभर धावत. ज्या डॉक्टरांनी मला बसवले, ते चारचौघांत बाईंची चाल दाखवून मिरवत.

मग खुबा ठणकू लागला. घरी बाईंच्या जाऊबाई भांडी आदळत म्हणाल्या, "काम निघालं की बरा दुखतो तुमचा पाय."

"तुमचा दुखेल तेव्हा मीही असंच म्हणेन," बाई म्हणाल्या. एकाच घरात दोन चुली झाल्या.

बाई त्याच डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "वाटी फुटलेली नाही, हललेली नाही. दुखणं तुमच्या डोक्यात आहे." त्यांनी फक्त मला पाहिले. माझ्यामागचे हाड पाहिलेच नाही.

खरे तर मी झिजत होते. माझे थोडे मोठे कण पडले, त्यांना शरीराने कुंपण घालून गप्प बसवले. पण बाकीची धूळ फारच बारीक होती. शरीराचा पहारा करणाऱ्या पेशी ती सहज गिळत. पचवता मात्र येईना. मग त्या चिडून दाह पेटवणारे रस सोडत. त्या आगीत मला काही झाले नाही. झिजले ते बाईंचे हाड.

एका सकाळी मैदानावर उभ्याउभ्याच ते मोडले. दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढले. "वाळवी लागल्यासारखं पोखरलंय. आधी आला असतात तर वाचलं असतं."

"आले होते," बाई म्हणाल्या.

नवी वाटी बसली, पण मैदान सुटले ते सुटलेच. जाऊबाई एकदाही डोकावल्या नाहीत. काठी टेकत बाई पहिल्यांदा बाहेर पडल्या, त्या मला बरणीत घालून जुन्या डॉक्टरांकडे. बरणी त्यांच्यापुढे आदळून म्हणाल्या, "घ्या. फुटलेली नाही तुमची वाटी."

डॉक्टरांनी बरणी खणात सारली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

मित्रांनो, कुणी दुखते म्हणाले तर नुसते मोडलेतुटलेले शोधून हात झटकू नका. नजरेत न भरणारी धूळ जास्त घात करते. वेळेवर तपासा, नीट तपासा. आणि दुखणाऱ्याला खोटे पाडू नका; गेलेले हाड माफी मागून भरून येत नाही.