चिठ्ठीवर नसलेला गोल

माझं मत कुणाच्या खिशात नाही, हे मी पंचवीस वर्षं ओरडून सांगतेय. आमच्या माउंट नेबो या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ते कुणाच्या पचनी पडत नाही. तिथे सगळं माफ होतं. दारू माफ, दुसरा घरोबा माफ, गायनमंडळात बेसूर गाणंसुद्धा माफ. पण इथे अमेरिकेत मतदारयादीत नावापुढे पक्षही लिहितात, ती जागा रिकामी ठेवली की मात्र माफी नाही.

मी ती हौसेनं रिकामी ठेवलेली नाही. त्र्याऐंशी साली सगळ्या जिल्ह्याचा कचरा आमच्या वस्तीला लागून, शाळेपासून हाकेच्या अंतरावर टाकायचं ठरलं. ठरवणारे जिल्हा मंडळाचे पाचही जण आमच्याच पक्षाचे. चर्चच्या बसमधून जाऊन, एकगठ्ठा मतं देऊन आम्हीच निवडून आणलेले. मी सभेत उठून बोलायला लागले, तर त्यातला एक जण हसून म्हणाला, बाई, नोव्हेंबरात मत द्यायला तुम्ही दुसरीकडे जाणार आहात कुठे? दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले आणि पक्षाचं नाव काढून टाकून आले. दावणीला बांधलेल्या गुरांना कुणी विचारत नाही, त्यांना नुसतं मोजतात.

तेव्हापासून मी दर निवडणुकीला अख्खी मतपत्रिका वाचते. वरून खालपर्यंत, पाठपोट, बारीक अक्षरांसकट. शर्टाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं शिवण तपासायला होते. कॉलर छान दिसतेय म्हणून शर्ट पुढे ढकलायचा नसतो, बाही उलटून बघायची असते. तो कारखानाही नंतर देशाबाहेर गेला. त्याला जाऊ देणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते, आणि निवडणुकीत दोघेही आमच्याकडे येऊन मुलांचे पापे घेऊन गेले.

मग २००८ साल आलं, आणि राष्ट्राध्यक्षपदाला आमच्यातला माणूस उभा राहिला. पक्षानं त्याचं नाव पक्कं केलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. माझा बाप या राज्यात गोऱ्या माणसासमोर फुटपाथवरून खाली उतरायचा. तो असता तर त्याला टीव्हीसमोर बसवून दाखवलं असतं, बघ, हे बघ. हे सगळं खरं. पण रडणं वेगळं आणि मत देणं वेगळं. तो माणूस काय म्हणतोय, समोरचा काय म्हणतोय, हे मी वाचत होते. कारखान्यांचं काय, आजारपणाचं काय, इराकातल्या आमच्या पोरांचं काय. गोऱ्या बायका दोन्हीकडचं वाचून ठरवतात तेव्हा त्यांना विचारी मतदार म्हणतात. मी ठरवायला बसले की फितूर.

बुधवारच्या चर्चच्या जेवणात डीकन थॅडियस बुलक यांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. पाळकांच्या खालोखाल आमच्या चर्चमध्ये त्यांचाच शब्द. वय बहात्तर, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, पॅंटची इस्त्री अशी की हात कापेल. सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या हातात मक्याच्या पावाचा तुकडा होता, तो तिथेच राहिला.

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"व्हर्लीन," ते म्हणाले, "आपल्या लोकांनी दोनशे वर्षं वाट बघितली, आणि तुझं अजून ठरायचंय?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी म्हणाले, दोनशे वर्षं वाट बघितली ती स्वतःचं मत स्वतः द्यायला ना? की तुम्ही सांगाल त्याला द्यायला? त्यानंतर मला कुणी पुन्हा कोबी वाढला नाही.

डीकनना उगाच नावं ठेवत नाही मी. त्यांची आई मतदार म्हणून नाव नोंदवायला तीनदा गेली होती. तिन्ही वेळा, काळ्यांना तेव्हा लावत तसा, तिला घटनेतला उतारा वाचायला लावला, लिहायला लावला, आणि एखादा शब्द चुकला म्हणून घरी पाठवली. बाई वारली तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. ही गोष्ट डीकन दर निवडणुकीला सांगतात आणि दर वेळी शेवटी त्यांचा आवाज जातो. निवडणुकीच्या दिवसाआधीच वाचनालयात जाऊन मत देता येतं, ते मुदतपूर्व मतदान गुरुवारी सुरू झालं तेव्हा तिथल्या दाराशी ते पहिले होते. मत दिल्यावर मिळतो तो गोल कागदी बिल्ला त्यांनी कोटाला लावला आणि रविवारी उपासनेलाही तोच बिल्ला लावून आले.

रविवारी उपासना संपली की त्याच कपड्यांत, त्याच टोप्या घालून, चर्चच्या बसनं मत द्यायला जायचं, ही आमची जुनी रीत. मी पक्षाची नसले तरी बस चर्चची आहे, आणि चर्चला मीही जाते. तेव्हा मीही चढले. माझ्या शेजारी आमच्या अख्ख्या चर्चच्या आजी, मदर ओझेला बसल्या. वय त्र्याण्णव, पांढरे हातमोजे, आणि अख्ख्या चर्चमध्ये डीकनना "ए थॅडियस" म्हणू शकणारी एकमेव बाई.

बस निघाली आणि डीकननी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. त्यांनी स्वतः लिहून, छापून आणलेल्या. मतपत्रिकेचं चित्र होतं, त्यात पक्षाच्या नावापुढचा गोल काळा केलेला, आणि खाली लिहिलेलं: हा एकच गोल भरा, सगळी मतं आपल्या पक्षाला. बाकी काही वाचत बसू नका.

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं. पण मला राग आला तो त्याचा नाही. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चूक दिसली. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात तो पक्षाचा गोल बाकी सगळ्यांना चालतो, राज्यपालापासून खालच्या मंडळापर्यंत. राष्ट्राध्यक्षाला चालत नाही. त्याचा गोल वेगळा असतो, तो वेगळाच भरावा लागतो. मतपत्रिकेवर तसं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत. बारीक अक्षरं आमच्या चर्चमध्ये मी एकटी वाचते.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. यांना वाचायचं नाही ना? मग भोगू देत. हा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण शेजारी मदर ओझेला ती चिठ्ठी घडी करून हातमोज्यात जपून ठेवत होत्या.

मी उठून उभी राहिले आणि चिठ्ठीत चूक आहे म्हणून सांगितलं. हा एकच गोल भरलात तर राष्ट्राध्यक्षाचं मत कोरं जाईल. कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण त्याचा गोल वेगळा भरा.

मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, हिला आपला माणूस पडायलाच हवाय. दुसरी म्हणाली, दोन-दोन गोल भरायला लावून आपली मतं बाद करायचा डाव आहे. डीकन दांडीला धरून उभे होते. ते चिडले नाहीत, मोठ्या मनानं हसले.

"गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी आत गेलो, व्हर्लीन. हाच एक गोल भरला, कागद यंत्रात सरकवला आणि बाहेर आलो. मग काय, माझं मत गटारात गेलं म्हणतेस?"

"हो," मी म्हणाले. तोंडातून निघून गेल्यावर कळलं की मी त्या माणसाला काय सांगून बसले.

बस हसली. तेही हसले, पण वाचनालय येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रांग फुटपाथवर लागली होती. आमची माणसं रांगेत उभी राहिली, पिवळ्या चिठ्ठ्या हातात धरून. दाराजवळच्या भिंतीवर नमुन्याची मतपत्रिका चिकटवलेली असते. तिच्याकडे कधी कुणी बघत नाही. डीकन तिच्याकडे गेले, सहज गेल्यासारखे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी रांगेतून बघत होते. ते फार वेळ वाचत होते. बोट ठेवून एकेक शब्द वाचत होते, आणि मला त्यांच्या आईचाच तो उतारा आठवला. मी रांग सोडून त्यांच्याकडे गेले.

"कागद परत मागता येतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"विचारून बघायला काय जातं?"

"विचारा. पण यंत्रात गेलेला कागद देत नाहीत, डीकन."

ते भिंतीकडेच बघत राहिले. "आईला तीनदा हाकललं," ते म्हणाले. "मला कुणी अडवलंसुद्धा नाही गं."

पंचवीस वर्षं या माणसाला एकदा तरी तोंडघशी पडलेलं बघायचं म्हणून मी जीव टाकत होते. आता तो समोर होता आणि मला काहीच बरं वाटेना. ते हळूच म्हणाले, चिठ्ठीत चूक आहे असं तू रांगेत सांग, माझं सांगू नकोस.

मला त्यांची दया आली होती, पण हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. "मी आत्ताच सांगितलं, सगळे हसले. पुन्हा सांगेन, पुन्हा हसतील. गुरुवारपासून किती चिठ्ठ्या वाटल्यात?"

"दीडशे असतील."

"मग त्या दीडशे जणांना कोण सांगणार? तुमचं मत गेलं म्हटल्याशिवाय कुणाला पटणार नाही. माझं ऐकायचं नाही, ही सवय तुम्हीच लावलीय त्यांना."

रांग पुढे सरकत होती. मदर ओझेलांच्या पुढे आता दोनच माणसं होती. डीकननी तिकडे पाहिलं, टोपी काढली, आणि वाचनालयाची पायरी चढून रांगेकडे तोंड करून उभे राहिले.

"ऐका. चिठ्ठ्या फाडून टाका. मी लिहिल्यात, आणि चुकीच्या लिहिल्यात. व्हर्लीन खरं बोलत होती." त्यांनी कोटावरचा बिल्ला ओढून काढला. "मी गुरुवारी पहिला आत गेलो आणि राष्ट्राध्यक्षाला मत दिलंच नाही. बहात्तर वर्षं वाट बघितली, आणि नेमका त्याचाच गोल सोडून आलो. ज्यांना ज्यांना मी चिठ्ठी दिली त्यांना आज घरी जाऊन फोन करा. त्यांना माझं नाव सांगा."

 मग कागद फाटल्याचे आवाज आले, एक, दुसरा, मग बरेच. मागच्या बाकावरची ती बाई खाली मान घालून रडत होती. तीही शुक्रवारी तीच चिठ्ठी घेऊन मत देऊन आली होती, आज नुसती बाकीच्यांच्या सोबतीला आली होती.

मदर ओझेलांनी हातमोज्यातली चिठ्ठी काढून डीकनच्या हातात दिली आणि मला हाक मारली. "व्हर्लीन, इकडे ये पोरी. आत माझ्याबरोबर चल आणि वाचून दाखव. अख्खं वाच, बारीकसुद्धा."

"माझ्यावर भरवसा आहे?" मी विचारलं. मनात कढ होता, तो असा बाहेर पडला.

"नाही कसा? या अख्ख्या गोतावळ्यात कुणाच्या सांगण्यावरून न चालणारी तू एकटीच आहेस. तू खोटं कुणासाठी वाचशील?"

मी अधिकाऱ्याला सांगून त्यांच्याबरोबर आत गेले आणि वाचलं. गोल त्यांनी स्वतः भरले. पहिला भरायला पाच मिनिटं लागली. एक कणही कोरा राहू नये म्हणून त्या पेन गिरवत राहिल्या. मी दुसरीकडे तोंड केलं, कारण ते मत त्यांचं होतं.

मग माझी पाळी आली. आडोशामागे उभी राहून मी पहिल्या ओळीतली नावं वाचली. त्या सभेतला हसणारा माणूस आठवला, बाप आठवला, बंद पडलेला कारखाना आठवला. बाहेरच्यांना वाटत असेल, आता ही विरघळली, आता काय, आमच्यासारखंच करेल. मला कुणाच्या पश्चात्तापासाठी मत द्यायचं नव्हतं आणि कुणाला धडा शिकवायलाही नव्हतं. मी खूप वेळ घेतला. मग एक गोल भरला, आणि पुढचं सगळं पाठपोट वाचत गेले. कुणाचा भरला ते मी चर्चमध्ये सांगितलं नाही, माझ्या मुलाला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. शेवटी आमचं राज्य जेमतेम चौदा हजारांच्या फरकानं आमच्यातल्या त्या माणसाकडे गेलं, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बघू देत.

बाहेर आले तर डीकन बाकावर एकटे बसले होते. मी शेजारी बसले.  मग ते म्हणाले, "कुणाला दिलंस ते विचारत नाही."

"विचारूही नका."

"एवढंच सांग. तो गोल भरताना कसं वाटतं?"

सांगावंसं वाटलं मला, शपथेवर सांगते. एक नाव उच्चारलं असतं तर त्या म्हाताऱ्याचा जीव थंडावला असता, किंवा पुरता मोडला असता. पण तेवढ्यासाठीसुद्धा मी माझं मत हातातून सोडलं नाही.

"भीती वाटते," मी म्हणाले. "कुणीच काही सांगितलेलं नसतं ना."