गावपळणीतली कालवं

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन खाडीवर उतरू लागलं की केंद्राच्या पायरीवर बाई उकिडव्या बसलेल्या दिसत. पदर कमरेला खोचलेला, आणि तर्जनी पाण्यात बुडवून जिभेला लावलेली. डोळे मिटून त्या क्षणभर निश्चल होत. भरतीनं खाडीत किती मीठ आणलं ते त्यांना त्या एका थेंबात कळे. उपकरण होतंच. पण "उपकरणाला चव नसते गं," म्हणून त्या मला हसत.

बाई म्हणजे डॉक्टर वत्सलाबाई, आमच्या सागरी जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख. मालवणच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका गावात, विद्यापीठाची एक चिमुकली योजना साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी हट्टानं आणली होती. शहरातले मार्गदर्शक ज्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावत, अशांना पीएच.डी.पर्यंत न्यायचं, एवढाच तिचा हेतू. दालदी मुसलमान कोळ्याचा मुलगा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेला एक बुद्धिमान तरुण, लग्न मोडून आलेली मी, आणि याच गावातल्या भातशेती करणाऱ्या घरातला हरी. शहरातले सहकारी आम्हाला 'बाईंची खिचडी' म्हणत. बाई म्हणत, "आजाऱ्याला खिचडीच पचते, आणि आपलं विद्यापीठ फार दिवस आजारी आहे."

पण आजार हटला नाही. दोघे पोटापाण्यासाठी निघून गेले. माझी पदवी झाली तरी मी बाईंना सोडून जाईना. आणि उरला तो हरी. पौषात विद्यापीठाची समिती येणार होती, आणि जिवंत काही दाखवता आलं नाही तर केंद्राला टाळं लागणार होतं. हरी काचेच्या बरण्यांत कालवांची, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांची, पिल्लं वाढवत होता. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पाण्यातल्या धुळीसारखी ती पिल्लं एकदा रिकाम्या शिंपल्याला चिकटली की त्याची पदवी आणि आमचं केंद्र, दोन्ही तरणार होतं. त्या दिवसांत बाईंच्या चेहऱ्यावर मी जो उजेड पाहिला, तो आधी कधी पाहिला नव्हता, आणि पुढेही नाही.

आणि देवाचा कौल झाला. गावपळण. तीन दिवस सबंध गाव घरंदारं टाकून वेशीपलीकडे राहायला जायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, श्वास घेणारं काही म्हणून मागे ठेवायचं नाही. शेजारच्या गावातले मास्तर बाईंना म्हणाले, तुम्ही परक्या, तुम्हाला कसली पळण? बाई शांतपणे म्हणाल्या, "हरीला डॉक्टर करायचं म्हणून त्याचा गाव त्याच्यापासून तोडायचा असेल, तर शहरच काय वाईट होतं?" राहता राहिला बरण्यांचा तिढा, तो सोडवला हरीच्या आईनं. बरण्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "जीव आसा ता सगळा भायर न्हेवक होया. ही पोरां हय एकटी कशी रवतली?"

मग ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बरण्या होडीतून पलीकडे गेल्या. माडाच्या झावळांच्या खोपीत हरीनं त्या स्वतःच्या हातानं मांडल्या. रानात चुली पेटल्या, पोरं झाडांवर चढली, म्हाताऱ्या गजाली करत बसल्या. इतकं आनंदी निर्वासन मी दुसरं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हरी ताजं खारं पाणी आणायला होडी घेऊन खाडीच्या मुखाशी गेला. दुपारी बाई आणि मी खोपीत शिरलो, तर त्याची आई रिकामी कळशी घेऊन समाधानानं उभी होती.

"वासराक दाखयलंय, कोंबयांक घातलंय, मगे ह्यांकाच तानेली कशी ठेवतलंय? बांयचा पाणी घातलंय सगळ्यांत, इल्ला इल्ला."

विहिरीचं गोड पाणी. बाईंनी पहिल्या बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग दुसऱ्या. मग बाकीच्यांना हातही लावला नाही. पिल्लं तळाशी बसली होती, पांढुरकी, हलत नव्हती. पुढचा हंगाम वर्षावर होता. तिनं काळजीनं विचारलं, "काय झाला गो बाई?" बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काही नाही, हरीच्या आई. ऊन लागलं त्यांना."

थोड्या वेळानं हरी आला, दोन्ही हातांत खाऱ्या पाण्याच्या घागरी. "ऊन लागला रे ह्यांका," आई म्हणाली. घागरी खाली ठेवून त्यानं बरण्या पाहिल्या, वर खोपीच्या छपराकडे पाहिलं, झावळांमधून आत येणाऱ्या उन्हाच्या कवडशात हात धरून पाहिला. त्याची आई शेजारीच उभी होती. बाईंनी एकेका बरणीवर ओलं गोणपाट ओढून घेतलं. मला तेव्हा इतका राग आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं.

समिती आली, चहा पिऊन गेली. केंद्राला टाळं लागलं. हरी कुडाळला एका वखारीत कारकून झाला, आणि जन्मभर त्याच्या मनात एकच राहिलं, की आपण बरण्या उन्हात मांडल्या. बाईंना ते ठाऊक होतं. त्या मला म्हणत, "सांगितलं तर पोराला पदवी मिळणार नाही, नुसती आई जाईल." बोलताना त्या माझ्याकडे कधी पाहत नसत. पुढे त्या थकल्या, विझत गेल्या; शेवटच्या वर्षी तर समुद्राकडे पाठ करून बसत.

दुःखावर काळ हेच औषध, असं शहाणी माणसं सांगतात. बाई गेल्या, हरी गेला, सगळ्यांच्या मागून ती माऊलीही गेली. आता खरं सांगायला कोणाची आडकाठी उरलेली नाही. ज्यानं ते ऐकायला हवं होतं, तोच तेवढा नाही.