दोष माझा, बोल तिला

तुमच्या गल्लीत उभ्या असतात ना, तसलीच मी एक. आकारानं छोटी, पण उंच आणि रुबाबदार गाडी. बाहेरून दृष्ट लागावी अशी. आतलं दुखणं मात्र मला पहिल्या महिन्यातच कळलं. माझा गिअरबॉक्स मुळातच रोगट होता.

माझी मालकीण फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना उभं करायची. गर्दीत सरकताना, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना मी अडखळायचे, हिसका द्यायचे. मी ऑटोमॅटिक. गिअर बदलणं माझं काम, पण बोलणी खायची ती.

"तुला सवय नाही," नवरा म्हणायचा. "पाय हलका ठेव जरा."

सर्व्हिस सेंटरमधला माणूस तर तिच्याकडे बघतही नसे. "सर, मॅडम ब्रेक फार दाबतात. या गाडीचं असंच असतं." मग कॉम्प्युटर जोडून माझी तक्रार पुसायचा आणि मला चकचकीत धुऊन परत करायचा. तिनं एकदा हिसक्यांचा व्हिडिओ दाखवला. "यात काही कळत नाही, मॅडम."

एके दुपारी आम्ही पुलाचा चढ चढत होतो. मागच्या सीटवर तिची आई. इंजिन नुसतं बोंबललं, चाकांना जोर मिळेना. मी मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या टेम्पोवर आदळले. आईचा खांदा निखळला.

इतकी जणं बरी केलेली ती, रस्त्यात आईचा हात धरून रडत होती. "माझंच चुकलं गं, आई."

तिलाही ते खरं वाटू लागलं होतं! मी काय करणार? माझ्याकडे बोलायला डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा. तो लुकलुकत राहिला.

त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. आठवड्यानं नवराच मला घेऊन सिग्नलवर अडकला. गिअरबॉक्स उघडला, तर आतला क्लच जळून काळा. "गाडीच डबडं निघाली," तो फोनवर भावाला सांगत होता. शेजारी ती भाजी निवडत होती. तिला मात्र तो एका शब्दानं काही बोलला नाही. ती आता बसनं जाते.

मला वरवर सांधून जुन्या गाड्यांच्या आवारात उभं केलंय. "एका बाईंनी जपून वापरलेली," विक्रेता सांगतो, आणि गिऱ्हाईकाला घेऊन चक्कर मारायला निघताना मोठ्यानं गाणी लावतो, माझं दुखणं ऐकू येऊ नये म्हणून.

एवढंच ऐका माझं. आधी ती गाणी बंद करा. आणि गाडीतली कुणी म्हणाली, "हिसका बसला," तर तिला वेड्यात काढू नका.