मावशीचा हुंकार

नेस्ताला स्वयंपाकघरात खिडकीशी बसवून ठेवलं होतं आणि तिचा नुसता जळफळाट चालला होता. मेंढ्या व्यायला लागल्या की पोटुशी बाईनं शेडकडे फिरकायचंसुद्धा नाही, हा त्या डोंगरातल्या घराघरातला नियम. व्यालेल्या मेंढीच्या वारेतून, पाण्यातून रोग लागतो आणि बाईचं पोट पडतं. नियम बरोबरच होता, नेस्ता स्वतः दुसऱ्या बायकांना तेच बजावत आली होती. पण आपल्यावर पाळी आली की कळतं.

शेड तिचं होतं हो! ती सून म्हणून आली तेव्हा सासरा, तुदुर, सगळ्या मेंढ्यांपुढे सारखंच खाणं टाकायचा, पोटात एक असो की तीन. तिळंवाल्या मेंढ्या शेवटी शेवटी अंगावरचं मांस जाळून पोटातल्यांना पोसायच्या आणि एके सकाळी मान टाकायच्या. नेस्तानं मशीनवाल्याला बोलावून एकेकीचं पोट तपासून घेतलं. तिळंवालीच्या पाठीवर लाल ठिपका. लाल ठिपक्यांसाठी घरालगत वेगळं कुंपण, वाढीव पेंड, रोज देखरेख. आई जगली तर कोकरं जगतील, हे तिचं पालुपद. तुदुर आधी हसला. पुढच्या वसंतात मेलेल्या मेंढ्या ओढायचं काम निम्म्यानं कमी झालं, तसं त्याचं हसणंही कमी झालं.

आणि या खेपेला नेस्ताच्याच पोटात दोन.

"तुझ्याही पाठीवर ठिपका मारू काय गं?" तुदुरनं विचारलं होतं.

"मारा की बाबा. पण मग पेंडही वाढवा."

नवरा इदवाल दुधाचा टँकर चालवायचा, दिवसभर बाहेर. म्हणजे शेडमध्ये म्हातारा एकटा आणि खिडकीतून ओरडणारी सून, असा सगळा कारभार.

त्या सकाळी खिडकीतून तिला लाल ठिपक्यांमध्ये एक बिनठिपक्याची मेंढी दिसली. मावशी! सगळं घर तिला मावशीच म्हणायचं. दोन वर्षांपासून भाकड. दुसरी कुणी असती तर केव्हाच खाटकाकडे गेली असती, पण डोंगरावरच्या वाटा हिला पाठ होत्या. कळप हिच्यामागे वर जायचा आणि हिच्यामागे खाली यायचा, म्हणून ठेवलेली. ती कुंपणात शिरली कशी, देव जाणे. तुदुरनं तिला आत सोडलं नव्हतं.

मावशी एका मेंढीच्या पोटाला तोंड लावून उभी होती आणि तोंड न उघडता, घशातल्या घशात हुंकारत होती. खिडकीची एक फट उघडी होती, तिच्यातून तो आवाज नेस्ताच्या कानावर आला आणि अंगावर सरसरून काटा आला. तो आवाज मेंढी एरवी काढतच नाही. नुकतं व्यालेलं, ओलं कोकरू पुढ्यात पडलं की मगच काढते. आईनं कोकराला सांगायचं असतं की मी इथे आहे. इथे तर कोकरू अजून दुसरीच्या पोटात होतं.

दुसऱ्या दिवशी ती मेंढी आडवी. डोळे उघडे, पण दिसत काही नाही. तोंडाला कुजक्या नासपतीसारखा गोडसर वास. तुदुरनं तीन कोकरं ओढून काढली, त्यातलं एक धुगधुगी धरून होतं. आई गेली. म्हातारा कोकराला छातीशी धरून निघाला तर मावशी वाटेत आडवी. नाक पुढे करते, ढुशा मारते, हटायलाच तयार नाही. त्यानं लाथ घातली तेव्हा सरकली. कोकरू स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खोक्यात आलं आणि बाटलीवर जगलं.

मग मावशी दुसऱ्या मेंढीपाशी उभी राहिली. तीही गेली.

"मेली अपशकुनी आहे," तुदुर दारातूनच गरजला. "सोमवारच्या बाजारात नेऊन टाकतो."

"काहीतरीच काय बाबा! अहो, वास येतो तिला. तुम्हाला मेंढी पडल्यावर येतो, तिला आदल्या दिवशी येतो. ती तुम्हाला सांगतेय."

"मेंढी मला सांगतेय! बस आत तू."

"आता कुणापाशी उभी आहे बघा. तिला आत्ता साखरेचं औषध पाजा. ठणठणीत दिसली तरी पाजा. माझं खोटं निघालं तर खुशाल न्या बाजारात."

म्हाताऱ्यानं पुटपुटत का होईना, पाजलं. सकाळ-संध्याकाळ पाजलं. ती मेंढी पडली नाही. आठवड्यानं व्याली आणि तिन्ही कोकरं उभी राहिली. दोन तिच्याखाली ठेवली, तिसरं, एकच कोकरू झालेल्या दुसऱ्या मेंढीच्या वारेच्या पाण्यात घोळवून तिच्या गळ्यात घातलं, तिनंही चाटून आपलं मानलं. पुढे मावशी जिच्यापाशी थांबेल तिला लगेच औषध, असंच ठरून गेलं. लाल ठिपक्याची एकही मेंढी पुन्हा मेली नाही. तुदुर बाजारात छाती काढून सांगू लागला, "आमच्याकडे मेंढीच डॉक्टर आहे बाबांनो!" नेस्ता गालातल्या गालात हसायची.

एकच गोष्ट तिला खटकली. मेंढी बरी झाली, कोकरं लुचायला लागली, की मावशी लांब उभी राहून तिच्याकडे टक लावून बघायची. पुढचा पाय जमिनीवर आपटायची, पुन्हा पुन्हा. नेस्तानं ते पाहिलं आणि मनातून काढून टाकलं. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणूस पुढचं बघत नाही.

शेवटच्या लाल ठिपक्याची मेंढी व्याली त्याच दुपारी नेस्ता कणीक मळत होती. स्वच्छ ऊन पडलेलं. अचानक ओट्यावर सावली आली म्हणून तिनं मान वर केली. काचेपलीकडे, हातभर अंतरावर मावशीचं तोंड. पिवळे डोळे, आडव्या बाहुल्या. ती नेस्ताच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली, पोटाकडे बघत होती. आणि हुंकारत होती.

पोटातली दोन्ही बाळं एकदम फिरली.

नेस्ताचे कणकेचे हात पोटावर गेले.  मावशीला कुणाचा वास येतो आणि कधी येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनंच तर शिकवलं होतं सगळ्यांना. सुईण परवाच तपासून गेली होती आणि सगळं छान आहे म्हणाली होती.

तुदुर बादली घेऊन अंगणात आला आणि जागीच थबकला. त्यानं खिडकीतली मेंढी पाहिली, काचेमागची सून पाहिली. बादली तिथेच सोडली.

"कोट घाल," तो आत येऊन म्हणाला.

"बाबा, मला काही होत नाहीये. जरा पाय सुजलेत, एवढंच. दवाखान्यात काय सांगणार, मेंढी बघून गेली म्हणून?"

"काय सांगायचं ते मी सांगतो. कोट घाल म्हणतो ना पोरी!" त्याचा आवाज फाटला होता. या माणसाला घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा तीही घाबरली.

दवाखान्यात रक्तदाब घेतला आणि नर्स पळतच सुटली. पुढचं नेस्ताला धड आठवत नाही. पांढरे दिवे, इदवालचा घामेजलेला हात. एक दिवस उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टरीण इदवालला म्हणाली. एक मुलगी, एक मुलगा. मूठभर जीव, पण रडले दोघं.

बाळं काचेच्या पेटीत असताना नेस्ता रोज मावशीची आठवण काढायची. घरी गेले की तिच्या गळ्याला मिठी मारीन, म्हणायची. तुदुर भेटायला यायचा. शेडच्या, कोकरांच्या गप्पा मारायचा, पण मावशीचं नाव निघालं की टोपी चाचपत खिडकीबाहेर बघायचा.

मे महिन्यात ती घरी आली. कळप डोंगरावर गेला होता. गाडीतून उतरताच दोन्ही पोरांनी टाहो फोडला, वाटभर कुरकुरतच होती. आणि अंगणाच्या फाटकाआडून तो आवाज आला, खोल, घशातल्या घशात.

पोरं रडायची थांबली. दोघंही, एका क्षणात. इवल्या माना त्या आवाजाकडे वळल्या.

"ही वर गेली नाही?" नेस्तानं विचारलं.

"गेली नाही," तुदुर म्हणाला. "कळप दुसरीच्या मागे गेला. ही फाटक सोडत नाही."

मावशी वळली तेव्हा नेस्ताला तिची कास दिसली. टम्म फुगलेली, गुलाबी. दोन्ही सडांतून दूध गळून मागच्या पायांची लोकर चिकट झाली होती.

"एडका शिवला नाहीये तिला दोन वर्षं," तुदुर खाली बघत म्हणाला. "तू दवाखान्यात गेलीस ना, त्या संध्याकाळी पान्हा फुटला. तुला सांगायचा धीर झाला नाही."

नेस्तानं पोरांना घट्ट कवटाळलं. सांगायला आलीच नव्हती मावशी. एकदाही नाही. प्रत्येक मेंढीपाशी ती वाट बघत उभी होती, आई कधी जाते याची. आणि आपण शहाण्यांनी तिला डॉक्टर केलं!

"न्या तिला," ती ओरडली. "आत्ताच्या आत्ता गाडीत घाला आणि न्या!"

तुदुर आणि इदवालनं मिळून तिला ट्रेलरमध्ये चढवलं. तिनं जराही झटापट केली नाही. ट्रेलर उतारावरून दिसेनासा झाला तरी हुंकार येत होता, आणि तो विरला तशी पोरं पुन्हा रडायला लागली, जीव जाईल अशी.

नेस्ता दार लावून खुर्चीत बसली. तिनं मुलीला छातीशी धरलं. मुलीनं तोंड फिरवलं, दाराकडे. मुलाला घेतलं. त्यानंही मान वळवली, दाराकडेच. दूध तिच्या पोलक्यातून ओघळत होतं आणि पोरं उपाशी टाचा घासत होती. नेस्तानं पुन्हा मुलीचं तोंड आपल्याकडे वळवलं, पुन्हा.

"अगं, मी आहे ना, मी!" ती रडत म्हणाली. "मेले नाहीये मी. इकडे बघ ना. मी मेले नाहीये."