हाव म्हणणारी गाडी

त्या मंगळवारी सकाळी हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत शंभरेक माणसं हात जोडून उभी होती. समोर एक गाडी थरथरत होती.

गाडी शोभाताईंची. छोटी, पांढरी, मागच्या काचेवर लाल 'एल'. नवरा गेल्यावर शोभाताईंनी या एका गाडीवर बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास काढला. मी त्यांची विद्यार्थिनी. दसऱ्यापासून गाडीला एक खोड लागली होती. पळत असली की गुमान पळायची आणि सिग्नलला थांबली की अशी घुमायची, की आरसे हलत आणि शिकणाऱ्या बाईचे दात वाजत.

"अंगात आलं हाय तिच्या," असं ठरवून शोभाताईंचे दीर ताराचंदभाऊ वाहनानंद बाबांना घेऊन आले. तेव्हापासून दर मंगळवारी बॉनेट उघडून इंजिनाला तीर्थ घातलं जाई. हा पाचवा मंगळवार. थरथर दुप्पट झाली होती, म्हणजे भक्ती फळत होती.

आज बाबांनी निकाल दिला. "ही गाडी आता वाहन नाही राहिली, देवस्थान झाली. मठात स्थापना करावी लागते."

शोभाताईंचा चेहरा उतरला. "आणि माहा क्लास?"

"मातेच्या पाठीवर बसून बायका क्लच शिकून राहिल्या! पाप हाय बाई ते."

"मातेलेच विचारा न, बाबा," ताराचंदभाऊ म्हणाले.

बाबांचा शिष्य विक्रम, चाळिशीचा भरदार गडी, स्टिअरिंगमागे बसला. मातेला आवरायला कोणीतरी लागतं म्हणे. बाबांनी उघड्या बॉनेटवर हात धरला.

"मैया, मठात यायचं हाय का तुले? हाव असेल तं अंग हालव, नाही असेल तं नको!"

टक् असा बारीक आवाज आला. गाडी गदगदली. गर्दीनं जयजयकार केला.

"मैया, शोभाबाईवर रागावली का?"

गाडी होती तेवढीच थरथरत राहिली. "नाही म्हणते! पाहा, किती दयाळू!"

मी बॉनेटपाशीच उभी होती. दहा प्रश्न झाले, त्यांतले सहा 'हाव'. सहाही वेळा आधी 'टक्', मग थरथर, आणि प्रत्येक वेळी रेडिएटरचा पंखा फिरू लागला. 'नाही'च्या चारही वेळा पंखा थांबलेला. देवीला बोलायला पंखा कशाला लागतो?

"विक्रमभाऊ, जरा उतरा न. मलेही मातेशी बोलायचं हाय."

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुही रास कोणती, बाई?"

"बीएस्सी, फिजिक्स."

"अशी रास नसते."

"म्हणूनच तं विचारायचं हाय."

"उतर गा," शोभाताई विक्रमला म्हणाल्या. "गाडी अजून माह्या नावावर हाय."

मी आत बसली. काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मैया, ताराचंदभाऊ गरोदर आहेत का?"

टक्. गाडी गदागदा हलली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "कितवा हाय गा, ताराचंद?"

ताराचंदभाऊंचा हात आपसूक पोटावर गेला आणि गल्ली हसून लोळली. मी सगळ्यांना एसीचं बटण दाखवलं. ते दाबलं की टक् होऊन एसीचा कॉम्प्रेसर जोडला जातो, पंखा फिरू लागतो आणि इंजिनाला हेही ओझं ओढावं लागतं. आधीच दमलेलं इंजिन त्या ओझ्यानं जास्त थरथरतं. विक्रमभाऊंचं बोट म्हणजेच मातेची वाणी.

बाबा मात्र मुरलेले होते. "बटण तं निमित्त! बटण बंद होतं तवाही हालूनच राहिली होती न? ते काहून?"

हा प्रश्न मात्र खरंच चांगला होता.

इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकावर ठिणगी पाडणारा एक प्लग आणि त्या प्लगला वीज देणारी एक कॉइल. मी गाडी बंद केली, पहिल्या कॉइलचं सॉकेट काढलं आणि पुन्हा सुरू केली. गाडी आणखी अडखळली, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरा, तसाच. चौथा, तसाच. तिसऱ्याचं सॉकेट काढलं तर काहीच फरक पडला नाही. जो आधीच कामावर नाही, त्याला सुट्टी दिल्यानं काय बिघडणार?

इंजिन थंड होऊ दिलं आणि तिसरी कॉइल उपसून काढली. खाली प्लगचा खोल खड्डा. त्यात पिवळंधम्म पाणी. वर एक तुळशीचं पान तरंगत होतं.

"हे तं तीर्थ हाय," ताराचंदभाऊ हळूच म्हणाले. "दसऱ्याले पूजेत मीच कलशभर घातलं होतं. बाकी बाबांनी."

ओल्या खड्ड्यात ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता पाण्यातून बाजूच्या धातूत पळून जाते. एक सिलिंडर मेला की इंजिन लंगडतं. वेगात ते फारसं जाणवत नाही, उभ्या गाडीत जाणवतं. पूजेनं गाडी थरथरली, थरथर थांबावी म्हणून पूजा केली, आणि जितकी पूजा तितकी थरथर.

पाणी कापडानं टिपलं. समोरच्या ब्यूटी पार्लरची कामिनीही क्लासला येई; तिनं हेअर ड्रायर आणून दिला. दहा मिनिटं गरम हवा घातली, कॉइल पुसून बसवली, किल्ली फिरवली. आवाज इतका मऊ, की ताराचंदभाऊंनी विचारलं, "चालू झाली का?"

एसी लावला. गाडी जरा गुरगुरली, बस्स.

"माता केसं वाळवून गेली वाटते," म्हातारी म्हणाली. बाबा आणि विक्रम कधी निघून गेले, कोणी पाहिलं नाही.

ताराचंदभाऊ वाईट माणूस नाहीत. वहिनीचं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी कलश उचलला होता. पण भलं चिंतणारा हातही खड्डा भरू शकतो. म्हणून एवढंच मागणं आहे: चमत्कारासमोर हात जोडण्याआधी, ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा एक प्रश्न त्याला विचारा. तिथंही तो 'हाव' म्हणाला, तर झाकण उघडा आणि आत डोकावा. राग आला तर तो चमत्काराला येईल. देवाला कशाला येईल?

शोभाताईंनी बॉनेट खाली पाडलं आणि गर्दीकडे वळल्या. "व्हा बाजूले सगळे. साडेनऊची बॅच खोळंबून राहिली. चल वं कामिनी, बस."